गाडीतली: अश्खाबाद ते दुखान

मी गाडीतली. नाव ऐकून हसू नका. साताऱ्याकडच्या एका घरानं शंभर वर्षं मला याच नावानं ओळखलं. मी कुणी बाई नाही. रशियात चहा काचेच्या पेल्यात पितात. तो गरम पेला हाताला भाजू नये म्हणून धातूच्या ज्या जाळीदार, दांडीच्या बैठकीत बसवतात, ती मी. जर्मन सिल्व्हरची आहे. अंगावर द्राक्षांचे घोस आहेत आणि पुढच्या बाजूला धूर सोडणारं इंजिन आहे. हल्ली मुक्काम कतार, गाव दुखान, टीव्हीशेजारचं कपाट.

माझा जन्म कुठल्याशा रशियन कारखान्यात झाला. ओतलं, कोरलं, घासलं आणि माझ्यासारख्या दोनशे जणींना पेंढ्यात गुंडाळून एका लांबलचक रेल्वेवर धाडलं. ती रेल्वे समुद्रकाठाहून निघायची, अश्खाबादवरून पुढे जायची आणि वाटेत वाळू, वाळू आणि फक्त वाळू. आता वाटतं, देवानं मला कतारची आधीच सवय लावून ठेवली होती.

डब्यात चहा द्यायला आन्ना नावाची बाई होती. अंगानं भरलेली, गालांवर कायम लाली, आणि चालत्या गाडीतही चहाचा थेंब न सांडणारी. तिचा नवरा फ्योदर इंजिन चालवायचा. प्रत्येक स्टेशनावर तो खाली उतरून तिच्या खिडकीशी यायचा, मी पुढे केली जायची, आणि तो तीन घोटांत चहा संपवून पळायचा. संसार म्हणजे आणखी काय असतो.

मग लढाई सुरू झाली. मला इतिहास फार कळत नाही, चहाच्या उंचीवरून जेवढं दिसलं तेवढं सांगते. राजा गेला, लाल झेंड्याचं सरकार आलं, आणि अश्खाबादच्या रेल्वेवाल्यांनी त्या सरकारविरुद्ध बंड केलं. बंड करून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे बंदुका कमी आहेत. म्हणून त्यांनी इंग्रजांना बोलावलं. इंग्रज इराणातल्या मशहदला बसले होते, ते आले. इंग्रज आले म्हणजे काय, साहेब बोटावर मोजण्याइतके आणि मागे सगळी आपली हिंदी माणसं. शेकडो कोस चालून ती आली होती, रशियन माणसांच्या भांडणात, इंग्रजांच्या हुकमानं, तुर्कमेनांच्या वाळवंटात. कोण कुणाचा शत्रू हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि खरं सांगू का, त्यांनाही कळलं नसावं.

लढाई सगळी त्या एकाच रुळावर चालायची, कारण रूळ सोडला की पाणी नाही. इकडून एक आगगाडी, तिकडून एक आगगाडी. डब्यांना चिलखत म्हणून कापसाच्या गासड्या बांधलेल्या. दोन जाड गाद्या एकमेकींवर डाफरतायत असं ते दृश्य. आन्ना तेव्हाही चहा द्यायची. फक्त आता पिणारे हात रोज बदलायचे.

त्या हिंदी माणसांत रामेश्वर होता. हा शिपाई नव्हे, खेचरं हाकणारा. त्याच्या ताब्यातल्या एका खेचरीचं नाव त्यानं कमलिनी ठेवलं होतं. कमलिनी फार मानी. गोळी सुटली तरी कान हलवायची नाही, पण मनात नसेल तर साहेबानं चाबूक दाखवला तरी पाऊल टाकायची नाही.

दुशाकच्या स्टेशनात एकदा मोठा स्फोट झाला. दारूगोळ्याचा डबाच उडाला. धूर, आरडाओरडा, माणसं वाट फुटेल तिकडे. रामेश्वरला हुकूम झाला, खेचरं मागे घ्या. बाकीची गेली. कमलिनी मात्र उलटी वळली आणि रुळापलीकडे चालू लागली. रामेश्वर लगाम ओढतोय, देवाचं नाव घेतोय, शिव्या घालतोय, ही आपली पुढे. पलीकडे टरबुजांचा ढीग होता. तिकडची टरबुजं फार गोड. कमलिनीनं ढिगात तोंड घातलं आणि त्याच ढिगामागे मांडीला गोळी लागलेला फ्योदर पडला होता.

रामेश्वरनं त्याला उचलून तिच्या पाठीवर घातला. कमलिनी निम्मं टरबूज तोंडात धरूनच परत आली.

आन्नानं नवऱ्याला पाहिलं, खाली उतरवून घेतलं, जखम बांधली. मग ती चहा घेऊन बाहेर आली. रामेश्वरला वाटलं, आपल्याला. त्यानं हात पुढे केला. आन्ना त्याच्या बाजूनं निघून गेली आणि माझ्यातला साखरेचा चहा तिनं घमेल्यात ओतून कमलिनीपुढे धरला. खेचरीनं तो शेवटपर्यंत प्यायला. मग आन्नानं रामेश्वरकडून खेचरीचं नाव वदवून घेतलं, खिळ्यानं माझ्या बुडाशी चार ओळी कोरल्या आणि मला खोगिराच्या पिशवीत टाकलं.

वसंतात इंग्रज जसे आले तसे परत गेले. ज्यांनी बोलावलं होतं त्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणी थांबलं नाही. फ्योदरचा पाय बरा झाला का, आन्नाला नवा पेला मिळाला का, मला माहीत नाही. कमलिनी तिकडेच राहिली. रामेश्वर मला घेऊन गावी आला.

गावी आल्यावर त्यानं एकदाच, एका लग्नाच्या पंगतीत, खरं सांगितलं. सांगितलं की हा मान खेचरीचा आहे. पंगत हसून आडवी झाली. कुणीतरी खेचरासारखं ओरडून दाखवलं. त्या दिवसापासून रामेश्वरनं तोंड मिटलं ते मिटलंच. पुढे पंगतीतले म्हातारे एकेक करून गेले, हसण्याचं कारण विसरलं गेलं, आणि त्याचं गप्प बसणं तेवढं उरलं. गप्प माणसाबद्दल भावकी काय बोलते ते तुम्हाला ठाऊक आहे. "मेलेल्या माणसाच्या हातातून ओढून आणलीय," असं ठरलं. देवघरात मला जागा मिळाली नाही. मढ्यावरची वस्तू म्हणून माळ्यावर ट्रंकेत गेले. तिथे काळी पडले, आणि कोरलेली अक्षरं ओरखडे म्हणून खपली.

रामेश्वरचा मुलगा पोपटराव हे ऐकतच मोठा झाला. बांधावरून भांडण झालं, पाण्यावरून झालं, की चुलतघरातून आवाज यायचाच: "लुटारूच्या पोरानं आम्हाला शिकवू नये." चुलतभावाची बायको पारूबाई तर यात पटाईत. पोपटराव उलट बोलत नसत. कारण त्यांनीही बापाला कधी विचारलं नव्हतं. विचारलं आणि बाप "हो" म्हणाला तर, या भीतीनं बाप गेला तरी विचारलं नाही.

आता या सगळ्यात कतार कुठून आलं?

पोपटरावांचा मुलगा गिरीश दोह्यात मेट्रोच्या बोगद्यांवर इंजिनियर. तो, त्याची बायको सुचित्रा, अल सद्दमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट. पोपटरावांची मुलगी आसावरी आणि जावई देवव्रत दुखानला, तेलकंपनीच्या वसाहतीत. दोन हजार अठरा साली धोंड्याचा महिना आणि रमजान हातात हात घालून आले, आणि दोन्ही संपता संपता रशियात वर्ल्ड कप सुरू व्हायचा होता. पुढचा दोह्यात. सगळं शहर खोदून ठेवलेलं, जिकडेतिकडे बोर्ड, आणि सगळी माणसं आपल्याच घरी लग्न असल्यासारखी लगबगीत.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर दिवा ठेवायचा. सासूबाई हयात नव्हत्या, म्हणून हे काम सुचित्राचं. आबांना, म्हणजे पोपटरावांना, त्यासाठी व्हिजिट व्हिसावर आणलं होतं. आबा आले ते मला बॅगेत धोतरात गुंडाळून, कुणाला न सांगता. दोह्यात रशियन बोलणारी माणसं असतात असं त्यांनी ऐकलं होतं. वय चौऱ्याऐंशी. मरायच्या आधी एकदा कुणाकडून तरी वाचून घ्यायचं, इतकाच बेत.

सुचित्रा महिनाभर एकभुक्त होती. स्वभावानं गरीब, पण व्रतात मिठाचा खडा पडू द्यायची नाही. तिची अडचण एकच: एसी. ऐन वाण देताना वाऱ्यानं दिवा विझला तर अपशकुन, आणि जूनमध्ये दोह्यात एसी बंद केला तर जावईच विझायचा. निरांजन काचेच्या पेल्यात ठेवून पाहिलं तर पेला हाताला भाजायला लागला. अशात आबांचे कपडे धुवायला काढताना तिला मी सापडले. पेल्याचीच बैठक, दांडीसकट. तिला वाटलं, आबांनी गुपचूप आणलेली भेटच. तिनं मला चिंच लावून घासलं. शंभर वर्षांनी माझा चेहरा मलाच दिसला. छान दिसत होते, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी वाण दिलं गेलं. अनारशांच्या डब्यावर मी, माझ्यात पेला, पेल्यात दिवा. आबा समोरच बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. जन्मभर त्यांनी मला काळीच पाहिली होती.

"सुचित्रावहिनी, दिवा फार झकास आहे," देवव्रत म्हणाले.

"दाजी, आधी नमस्कार करा, मग झकास म्हणा," सुचित्रा म्हणाली. दाजींनी आबांना नमस्कार केला, अक्षता पडल्या, आणि मी दुखानच्या गाडीत बसले.

पुढचं मला नंतर सुचित्रानंच सांगितलं. भांडी घासताना ती भांड्यांशी बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बॅग उलटीपालटी करत होते.

"सुचित्रा, माझ्या धोतरात एक काळी वस्तू होती."

"ती काळी कुठंय आबा? घासल्यावर चांदीसारखी निघाली. काल वाणावर दिवा नव्हता का त्यात."

आबा पलंगावर बसले. "पोरी, ती गाडीतली होती."

सुचित्रानं गाडीतलीच्या गोष्टी अठरा वर्षं ऐकल्या होत्या, मला पाहिलं कधीच नव्हतं. तिच्या हातातला कपडा तसाच राहिला. गिरीशनं मोबाईल काढला. "त्यात काय एवढं. दाजींना फोन करतो, यल्ला, चला, तासाभरात घेऊन येतो."

"फोन ठेवा. दिलेलं वाण परत मागत नाहीत."

"अगं, चुकून दिलंस."

"चुकून दिलं तरी दिलंच. अक्षता पडल्यात."

"मागायचं नाही," आबाही म्हणाले. "जावयाच्या दारात वस्तू मागायला जायचं वय नाही माझं. गेली ती गेली. पाप होतं, दानात गेलं म्हणायचं." असं म्हणाले, पण त्या दिवशी अर्धीच भाकरी खाल्ली, दुसऱ्या दिवशी चतकोर. तिसऱ्या दिवशी सुचित्रानं हळूच विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं: पारूबाई, ट्रंक, न विचारलेला प्रश्न. "वाचून घ्यायचं होतं गं. चोर तर चोर. पण माझा बाप कोण होता ते कळून मरायचं होतं."

सुचित्रा देवापुढे बसली. नवस बोलली: आबांच्या मनातला काटा निघाला तर अकरा संकष्ट्या निर्जळी. आणि उठता उठता तिला सुचलं. वाण इकडे आणता येत नाही ना? मग वाचणारी तिकडे न्यायची.

वाचणारी समोरच्याच फ्लॅटमध्ये होती. मुनीरा. शिवणकाम करायची, सुचित्राच्या साड्यांना फॉल लावायची, आणि गाव कुठलं म्हणाल तर अश्गाबाद, म्हणजे माझंच अश्खाबाद. हिंदी ती सिनेमे बघून शिकलेली. सुचित्रानं तिला बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "सिस्टर, रोजा खलास होने दो. ईद के दूसरे दिन यल्ला, दुखान."

इकडे दुखानला माझे हाल विचारू नका. दाजी फुटबॉलवेडे. त्यांनी मला टीव्हीशेजारी मांडलं आणि माझ्यात रिमोट खोचला. लढाई सोसली, माळा सोसला, उंदीर सोसले. पण दर गोलाला कुणीतरी आपल्या पोटातून रिमोट उपसतंय, हे सोसणं वेगळंच.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळे आले. आसावरीनं दार उघडलं आणि मुनीराकडे पाहून म्हणाली, "वहिनी, शिंपीण घेऊन आलीस? मी काय एवढी जाड झालेय का?"

"सहज आणली. ईद आहे ना." सुचित्राला खोटं बोलता येत नाही, कानाच्या पाळ्या लाल होतात. मग ती टीव्हीकडे वळून म्हणाली, "दाजी, तुमच्याकडे ते केवढं छान आहे हो. मुनीराला दाखवा ना. मागत नाहीय मी. बघायचंय फक्त. बघून लगेच तुमच्याच हातात."

दाजी चक्रावले. "वहिनी, तुम्हीच दिलंत की ते."

"म्हणूनच मागत नाहीय."

दाजींनी रिमोट काढून मला मुनीराच्या हातात दिलं. शंभर वर्षांनी माझ्या गावचा हात लागला. मुनीरा काठावरची ठशाची अक्षरं वाचू लागली आणि सगळे तिच्याभोवती गोळा झाले. टीव्हीवर कुणीतरी गोल केला, दाजींनीही पाहिलं नाही.

"लिखा है, मध्य आशिया रेल्वे. सरकारी माल." मुनीरा थांबली. "और लिखा है, चोरी करेगा तो सजा."

आबांनी मान खाली घातली. "संपलं," ते म्हणाले. "पारूवहिनी बरोबर होत्या."

मला मात्र जीभ असती तर त्या दिवशी सगळं दुखान ऐकतं. अहो, ते सगळ्यांवरच होतं, दोनशेच्या दोनशे जणींवर. मला पालथी करा, पालथी. पण धातूचं कोण ऐकतं. मीही मग सुचित्राचं पाहून देवाला हात जोडले. म्हणजे हात नाहीत, दांडी आहे, तीच जोडली असं समजा.

सुचित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण आबांना इथवर आणलं आणि त्यांच्या बापाला सगळ्यांसमोर चोर ठरवलं, हे तिला सहन होईना. रडू लपवायला ती मला घेऊन स्वयंपाकघरात गेली. "रिमोटनं चिकट झालीय, धुऊन आणते," एवढंच बोलली. तिनं मला धुतलं. खसाखसा, राग काढावा तसं. आणि आपल्या बायका धुतलेलं भांडं जसं ठेवतात तसं, फडक्यावर पालथं घातलं.

मुनीरा पाणी प्यायला आत आली. ग्लास भरता भरता तिची नजर माझ्या बुडावर गेली. तिनं ग्लास खाली ठेवला, नळ तसाच चालू.

"सिस्टर. इधर हाथ का लिखा है."

सगळे स्वयंपाकघरात घुसले. मुनीरा बोट फिरवत एकेक शब्द सांगू लागली. "कमलिनी को. तूने मेरा फ्योदर वापस लाया. रेल्वे का है, मगर मैं देती हूँ. आन्ना. दुशाक."

मग आसावरी म्हणाली, "कमलिनी कोण? आजोबांनी तिकडे कुणी...?"

"आबा, आपल्याला एक रशियन आजी आहे वाटतं," दाजी म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

"नाव मराठी आहे हो दाजी," सुचित्रा हळूच म्हणाली, आणि तिला ते जास्तच गंभीर वाटलं.

आबा ओट्याला धरून उभे होते. त्यांचे खांदे हलायला लागले. गिरीश घाबरून पुढे झाला, त्याला वाटलं चक्कर आली. आबा हसत होते. आवाज फुटत नव्हता इतके हसत होते.

"अरे, कमलिनी आमची म्हैस," ते म्हणाले. "म्हशीच्या आधी घोडी कमलिनी. घोडीच्या आधी गाय. शेळी कमलिनी. आमच्या गोठ्यात दुसरं नावच नव्हतं. मी लहानपणी बापाला विचारलं, दादा, सगळ्याच कमलिनी का? तर म्हणाले, पहिली फार गुणी होती. खेचरी होती ती. लढाईतली."

"म्हणजे ही वस्तू..." गिरीश म्हणाला.

"खेचरीला दिलेली आहे रे. माझा बाप नुसता हमाल." आबांनी डोळे पुसले, पुन्हा हसले, पुन्हा पुसले. मुनीराला सुचित्रानं समजावलं तेव्हा ती तर जमिनीवरच बसली. "गधे की बेटी... नहीं, घोड़ी की... सिस्टर, क्या बोलते हैं उसको?" नळ अजून चालूच होता.

आबांनी तिथल्या तिथे गावी फोन लावायला सांगितला. स्पीकरवर पारूबाई आल्या. वय ऐंशी, आवाज विळ्यासारखा.

"वहिनी, गाडीतलीवर लिहिलेलं वाचलं. चोरीची नाही. दिलेली आहे."

"कुणाला दिली? तुमच्या बापाला कोण देणार?"

"बापाला नाही. खेचरीला."

मी म्हटलं, आता पुन्हा पंगत हसणार. आबांनाही तेच वाटलं असावं, पण या वेळी ते गप्प बसले नाहीत. लढाई, फ्योदर, आन्नाची ओळ, सगळं एका दमात सांगितलं. गोळीचं आणि टरबुजांचं तेवढं त्यांना माहीत नव्हतं. ते फक्त मला माहीत आहे आणि आता तुम्हाला.

"खेचर कुणाचं होतं?" पारूबाईंनी विचारलं.

"पलटणीचं."

"पलटणीचं कसलं," पारूबाई म्हणाल्या. "आपल्याच दावणीचं नेलं होतं इंग्रजानं. आमच्या सासूबाई सांगायच्या."

आबांनी फोनकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "घ्या," ते म्हणाले. "चोरी माझ्या एकट्याच्या बापाची होती. मान मात्र साऱ्या भावकीचा."

त्या रात्री ते तीन भाकरी जेवले.

मी परत अल सद्दला गेले नाही. वाण ते वाण. दाजींनी द्यायचं म्हटलं तर सुचित्रानं हात मागे घेतले. तिच्या अकरा संकष्ट्या पूर्ण होऊनही काळ लोटला. आता दोन हजार बावीस सरत आलं आहे, मेट्रो धावते, आणि ज्याची सगळे वाट बघत होते तो वर्ल्ड कप पुढच्या महिन्यात येतोय. आसावरीच्या घरी पाहुण्यांची यादी लांबत चालली आहे. रिमोटला दाजींनी दुसरं घर दिलं. माझ्यात पुन्हा पेला बसतो, पेल्यात चहा. गावाकडे आबा अठ्ठ्याऐंशीचे आहेत, दर शुक्रवारी व्हिडिओवर येतात.

तुम्ही मॅचला आलात तर वाट वाकडी करून दुखानला या. फार लांब नाही, सरळ रस्ता आहे. कुठल्याही देशाच्या बाजूचे असा, चहा मिळेल. फक्त कुणी कुणाला काय दिलं हे दाजी सुरुवातीपासून सांगतील, तेवढं न हसता ऐका. हसू आलंच तर मोठ्यानं हसा, पण जायच्या आधी सांगणाऱ्याला सांगून जा की तुमचा विश्वास बसला. तेवढं कुणी म्हटलं नाही म्हणून एक माणूस जन्मभर गप्प राहिला होता.